पटावरील दाण्यांच्या संख्येला ३ ने भाग जातो का?

प्रश्न (आठवीतील मुलीची आई, कोथरूड)
बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात एक दाणा आणि पुढच्या प्रत्येक घरात दुप्पट ठेवल्यास चौसष्ट घरांत किती दाणे होतील, हे माझी मुलगी शाळेच्या गणित प्रदर्शनात मांडणार आहे. तिने वहीत हाताने केलेली बेरीज १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ आली. या अंकांची बेरीज ८७ होते, म्हणजे संख्येला ३ ने निःशेष भाग जायला हवा. मी तेच उत्तर संगणकावर स्प्रेडशीटमध्ये काढले, तेव्हा शेवटी पाच शून्ये दिसली आणि अंकांची बेरीज ७० भरली. यांपैकी खरे कोणते? आणि एवढ्या मोठ्या संख्येचे सगळे मूळ अवयव कागदावर काढता येतील का?

उत्तर (संगणक अभियंता, हिंजवडी)
वहीतले उत्तर खरे आहे. स्प्रेडशीट संख्या पहिल्या पंधरा अंकांपर्यंत पूर्णांकित करून दाखवते आणि उरलेल्या जागी शून्ये भरते, म्हणून अशा संख्येवर विभाज्यतेची कसोटी तिथे लावू नये. ६४ बिटांत मावणारी सर्वांत मोठी पूर्ण संख्याही नेमकी हीच आहे.

उत्तर (निवृत्त गणित शिक्षक, नारायण पेठ)
अवयव नक्की काढता येतात, आणि तेही आठवीच्याच सूत्राने. ही संख्या म्हणजे २ चा ६४वा घात वजा १, अर्थात दोन वर्गांची वजाबाकी. तिचे दोन अवयव पाडले की त्यांतला लहान अवयव पुन्हा तशीच वजाबाकी असतो. असे करत खाली आल्यावर ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७ हे सहा अवयव हाती लागतात. पहिले पाच मूळ आहेत. सहावाही मूळच असेल असे फर्माला वाटत होते, परंतु त्याला ६४१ ने भाग जातो हे ऑयलरने १७३२ मध्ये दाखवले.

याची पडताळणी फार सुंदर आहे, ती मुलीला अवश्य करू द्या. ६४० म्हणजे ५ गुणिले २ चा ७वा घात. ६४१ ने भागताना ६४० ची बाकी वजा १ धरता येते, म्हणून ६४० च्या चौथ्या घाताची बाकी १ येते. त्या घातात ५ चा चौथा घात, म्हणजे ६२५, आहे. ६२५ अधिक १६ बरोबर ६४१, म्हणून ६२५ च्या जागी वजा १६ ठेवावे. १६ गुणिले २ चा २८वा घात म्हणजे २ चा ३२वा घात, तेव्हा त्याची बाकी वजा १ येते आणि त्यात १ मिळवताच बाकी शून्य होते. दुसरा अवयव ६७००४१७ हाही मूळ आहे. एकूण सात वेगवेगळे मूळ अवयव झाले, म्हणून विभाजक १२८.

प्रश्नकर्ती
मनःपूर्वक आभार. ६७००४१७ ला ६४१ ने गुणून पाहिले. गुणाकार तंतोतंत जुळला. तक्त्यावर ही संख्या अक्षरांत कशी लिहावी?

उत्तर (निवृत्त गणित शिक्षक, नारायण पेठ)
भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेली स्थानांची नावे परार्धापाशी, म्हणजे १ वर १७ शून्यांपाशी, थांबतात. तेव्हा ‘एकशे चौऱ्याऐंशी परार्धांहून अधिक’ असे लिहून खाली पूर्ण अंक द्यावेत.