तोतलाडोह अमुक टक्के भरलं म्हणजे पाणी पुरेल का? हे मोजायचं कसं?

पारशिवनीचा पोट्टा:
नमस्कार मंडळी. घरची शेती पेंचच्या कालव्यावर अन् मी नोकरीला नागपुरात, म्हणजे दोन्हीकडून याच पाण्यावर जगून राहिलो. दरवर्षी ऑक्टोबरात बातमी येते पेंच नदीवरचं तोतलाडोह धरण इतके टक्के भरलं, पण त्यावरून उन्हाळ्यात पाणी भेटेल का हे काही कळत नाही. धरण नदीचं पाणी किती सांभाळून ठेवते अन् मागणीला ते किती पुरते, हे आकड्यात मोजायची काही पद्धत आहे का? इंजिनिअर नाही मी, एक्सेल येतं.

गेजपट्टी:
भाऊ, टक्के म्हणजे फक्त साठा, त्यात मागणी कुठंच नाही. पहिला ढोबळ आकडा असा काढतात की धरणाची साठवण भागिले नदीचा सरासरी वार्षिक प्रवाह. इजिप्तच्या अस्वानला हे गुणोत्तर जवळपास २ येतं, म्हणजे दोन वर्षांची नाईल त्यात मावते, एक पावसाळा कोरडा गेला तरी तिथं लगेच हाल होत नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक धरणांना दरवर्षी पावसाळा लागतोच.

पण तुमचा खरा प्रश्न महिन्यांचा आहे. समजा (आकडे मनाचे आहेत, तोतलाडोहचे नाहीत) वर्षाला १,००० दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी येतं, सगळं पावसाळ्याच्या चार महिन्यांत, उपयुक्त साठा (म्हणजे वापरता येणारं पाणी) ३०० अन् मागणी महिन्याला ४०. वर्षाची मागणी झाली ४८०, येणाऱ्या पाण्याच्या निम्म्याहून कमी, कोणीही म्हणेल काय टेन्शन आहे. आता ऑक्टोबरपासून दर महिन्याला ४० वजा करा अन् बाष्पीभवनाचे ६ वजा करा, ३०० भागिले ४६ म्हणजे साडेसहा महिने. धरण ऑक्टोबरात १०० टक्के होतं तरी एप्रिलच्या मध्यात संपलं. मे अख्खा कोरडा. हेच गणित आवक अन् मागणीची बेरीज करत आलेखावर काढायची पद्धत रिपल नावाच्या इंजिनिअरने १८८३ मध्ये मांडली, आजही शिकवतात.

अजनीवाला:
वरचं बरोबर आहे, फक्त एका वर्षावर थांबू नका, २०-३० वर्षांची आवक घालून तेच चालवा आणि तीन गोष्टी बघा: किती वेळा कमी पडलं, कमी पडल्यावर किती लवकर सावरलं, अन् पडलं तेव्हा किती खोल पडलं. हाशिमोतो, स्टेडिंजर, लाउक्स यांनी १९८२ मध्ये हे तीन निकष मांडले. तिसरा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण दहा वर्षांत एकदाच पाणी तुटलं पण जुलै २०१९ सारखं तुटलं तर... तेव्हा तोतलाडोहचा उपयुक्त साठा संपून मृत साठ्यावर (एरवी न वापरता येणाऱ्या तळाच्या पाण्यावर) आलो होतो, शहरात दिवसाआड पाणी, आईने बाथरूममध्ये ड्रमावर ड्रम लावले होते. वर मध्य प्रदेशात चौराई धरण झाल्यापासून तोतलाडोहची आवकही बदलली आहे, जुन्या वर्षांची आवक जशीच्या तशी घालाल तर उत्तर फसवं येईल.

पारशिवनीचा पोट्टा:
समजून राहिलं आता. पण आवक मोजतात कशी, नदीवर मीटर असते का?

गेजपट्टी:
वर नदीवर मोजणी केंद्रं असतात, पण धरणावर बहुतेक उलट्या हिशोबाने काढतात. साठ्यात झालेला बदल, अधिक सोडलेलं पाणी, अधिक सांडव्यावरून गेलेलं, अधिक बाष्पीभवन. वडील खात्यात होते, लहानपणी मी त्यांच्यासोबत सकाळी पाण्याची पातळी दाखवणारी पट्टी वाचायला जायचो, वारा असला की लाट पट्टीवर खालीवर व्हायची अन् ते दोन-तीन लाटा जाऊ देऊन मधला आकडा वहीत लिहायचे. पाण्याचा पसारा ७० चौरस किमी असेल तर १ सेंमीची चूक म्हणजे ०.७ दलघमी, पावसाळ्यात चालून जाते, फेब्रुवारीत आवकच नसते तेव्हा आकडा उणे दाखवतो. म्हणून रोजचं नका घेऊ, महिन्याचं घ्या. अन् गाळामुळे पातळी-साठ्याचा तक्ता (कुठल्या पातळीला किती साठा ते सांगणारा) जुना झालेला असतो, नव्या सर्वेक्षणाचा मागा.

कन्हानकाठ:
एक माझंही घाला त्या शीटमध्ये. मागणी म्हणजे फक्त नागपूरचं पिणं, कोराडी-खापरखेड्याची वीज अन् कालवा नाही. तोतलाडोहच्या खालच्या नवेगाव खैरी धरणाच्या खाली नदीत काय उरतं तेही एक रकाना असू द्या. धरण नसतं तर त्या महिन्यात किती वाहिलं असतं अन् आता किती वाहतं, हा फरकही मोजायलाच हवा, आमच्याकडच्या विहिरी त्या पात्रावर आहेत.

पारशिवनीचा पोट्टा:
घालतो दादा, वेगळा रकाना करतो. जानेवारीपासून सुरू करू ना?

गेजपट्टी:
नाही, जूनपासून धरा. जानेवारीपासून धरलं की एकाच पावसाळ्याचं पाणी दोन वर्षांत तुटतं अन् उन्हाळ्याची तूट कुठल्या पावसाची ते दिसतच नाही.