मेरी बर्गिन यांचा पुढील अल्बम: साथ कमी असावी

आयरिश पारंपरिक संगीतातील टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) वादक मेरी बर्गिन यांच्या पुढील अल्बममध्ये पियानो, गिटार आणि व्हायोलिनची भरगच्च साथ असावी, अशी अपेक्षा काही जण व्यक्त करतात. माझी इच्छा नेमकी उलट आहे. त्यांच्या १९७९ च्या ‘फ्यादोगा स्तान’ या अल्बममध्ये अ‍ॅलेक फिन यांची बुझुकी (लांब मानेचे तंतुवाद्य) आणि जॉनी मॅकडोना यांचा बौरान (डफासारखे आयरिश तालवाद्य) होता, पण ती साथ इतकी संयत होती की टिन व्हिसलचा प्रत्येक स्वर स्वच्छ ऐकू येत राहिला. सहा छिद्रांच्या या लहानशा वाद्यात फुंक वाढवली तर आवाज मोठा होण्याआधी स्वरच वरच्या सप्तकात उडी घेतो. त्यामुळे वादकाला भाव व्यक्त करायचा तो जिभेच्या आघातांतून, बोटांच्या झटक्यांतून, ‘रोल’सारख्या (मूळ स्वराभोवती वरखालचे स्वर झटकन घेणाऱ्या) अलंकारांतून आणि श्वास कोठे घ्यावा या निवडीतून. भरगच्च साथीत नेमके हेच तपशील हरवतात.

माझी सर्वांत मोठी आशा ‘स्लो एअर’बद्दल आहे. या विलंबित धुना बहुधा आयरिश भाषेतील पारंपरिक गीतांवरून आलेल्या असतात, आणि बर्गिन तर गॉलवेजवळच्या स्पिडल या आयरिशभाषक भागात दीर्घकाळ राहिल्या आहेत. तेव्हा अशा किमान तीन-चार धुना त्यांनी कोणत्याही साथीविना, शब्दांच्या ओघाने वाजवाव्यात. रील आणि जिग या जलद नृत्यधुना अर्थातच हव्यात. मात्र प्रत्येक धून त्यांना कोणाकडून मिळाली, याची नोंद अल्बमसोबतच्या पुस्तिकेत सविस्तर दिली जावी, कारण शिकणाऱ्यांना तिचा फार उपयोग होईल.