चुकून गहू पोटात गेला, तर सीलिॲकचा त्रास किती दिवस राहतो?

ज्वारीची भाकर

सीलिॲकचे, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते त्या आजाराचे, निदान होऊन मला सव्वा वर्ष झाले. घरात गहू, रवा आणि मैदा पूर्ण बंद आहे, ज्वारी मी घरघंटीवरच दळते, आणि मागच्या तपासणीत टीटीजीचा (सीलिॲकसाठी रक्तात मोजतात त्या अँटिबॉडीचा) आकडा प्रथमच मर्यादेच्या आत आला होता. गेल्या रविवारी मावसभावाच्या लग्नात मात्र चूक झाली. वरण-भात, मठ्ठा आणि दोन कोथिंबीर वड्या एवढेच मी खाल्ले. वडी बेसनाचीच असणार, असे गृहीत धरून कोणाला काही विचारले नाही. जेवण दीडच्या सुमारास झाले. साडेतीनला परतीच्या बसमध्ये मळमळू लागले, पाचच्या आत दोनदा उलटी झाली, आणि रात्री पोट इतके फुगले की झोपणेही अवघड झाले. दुसऱ्या दिवशी आचाऱ्यांना फोन केला, तेव्हा ते अगदी सहज म्हणाले, "ताई, वडी सुटू नये म्हणून मूठभर कणीक घालतोच आम्ही."

आज गुरुवार आहे. जुलाब मंगळवारी थांबले, पण पोट अजून जड आहे, डोके दिवसभर बधिर असते आणि दोन जिने चढले की अंगातले त्राण जाते. हे आणखी किती दिवस चालेल? निदानापूर्वी दोन्ही वेळा पोळ्या खात असताना एवढा तीव्र त्रास कधीच झाला नव्हता, मग आता दोन वड्यांनी का व्हावा? आणि सव्वा वर्ष सांभाळलेले पथ्य वाया गेले का, हे पाहण्यासाठी टीटीजीची चाचणी लगेच करून घ्यावी का?

बारा वर्षे बिनगव्हाची

आपल्या वर्णनातली प्रत्येक ओळ ओळखीची वाटली. अशा चुका मी एका वहीत लिहून ठेवते, आणि त्या नोंदींवरून माझ्यापुरते असे सांगता येते की उलट्या त्याच दिवशी थांबतात, पोट दोन-तीन दिवसांत ताळ्यावर येते, पण थकवा आणि डोक्यातला बधिरपणा सर्वांत शेवटी, कधी कधी आठव्या-नवव्या दिवशी जातो. इतरांशी बोलताना जाणवते की बऱ्याच जणांचा त्रास एक-दोन दिवसांत ओसरतो आणि काहींचा आठवडाभर रेंगाळतो, त्यामुळे पाचव्या दिवशी गळून गेल्यासारखे वाटणे यात वेगळे काही नाही.

या दिवसांत मी मऊ भात, मुगाचे वरण आणि नाचणीची पेज यांवर राहते आणि ओआरएस घोट-घोट घेत राहते. दूध मात्र चार-पाच दिवस टाळते. पहिल्या वेळी आईने मायेने हळदीचे दूध दिले आणि पोट पुन्हा फुगले. आतड्याचे अस्तर दुखावलेले असताना दुधातली साखर नीट पचत नाही, हे तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हते. त्यामुळे त्रास लांबला असे वाटते, तेव्हा ते कधी कधी दुधाचेही असते.

तरीही माझा सर्वांत वाईट अनुभव लग्नातल्या जेवणाचा नव्हता, तो घरच्या हिंगाचा होता. बाजारातल्या बहुतेक बांधणीच्या हिंगात कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो, आणि आमटीच्या रोजच्या फोडणीतून तो तीन महिने माझ्या पोटात जात होता. एकदाही उलटी झाली नाही. नुसते वजन उतरत गेले, तोंड येत राहिले आणि टीटीजी पुन्हा वाढला. डबीवरची बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचली, तेव्हा कुठे उलगडा झाला.

धाकट्याची बहीण

माझ्या भावालाही सीलिॲक आहे, पण गहू खाल्ल्यावर त्याला काहीच होत नाही, आणि आमच्या घरी खरी अडचण तीच आहे. "मला चालतो" असे म्हणून तो आठवड्यातून एकदा मित्रांबरोबर पाव खायचा. दोन वर्षांनी दुर्बिणीने तपासणी झाली, तेव्हा आतड्यातले अन्नरस शोषणारे बारीक अंकुर जवळजवळ सपाट झालेले आढळले. त्याला एखादी उलटी झाली असती, तर तो वेळीच सावध झाला असता, असे मला अनेकदा वाटते.

आहारतज्ज्ञ, पोटविकार विभाग

धाकट्याची बहीण यांनी लिहिले आहे, त्यातच मूळ प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे: त्रास किती तीव्र झाला आणि किती दिवस टिकला, यावरून आतड्याला किती इजा झाली हे ठरवता येत नाही.

सीलिॲकमध्ये ग्लुटेन ओळखणाऱ्या टी-पेशी (रोगप्रतिकारक पेशी) शरीरात वर्षानुवर्षे टिकून असतात. पथ्य पाळले तरी त्या नाहीशा होत नाहीत, आणि ग्लुटेन पुन्हा आले की काही तासांतच इंटरल्युकिन-२ सारखे संदेशवाहक पदार्थ रक्तात वाढतात. जेवणानंतर दोन तासांनी आपल्याला सुरू झालेली मळमळ आणि पाठोपाठची उलटी या प्रतिक्रियेशी जुळते. पथ्य सुरू झाल्यावर चुकून ग्लुटेन खाल्ल्याचा त्रास पूर्वीपेक्षा जास्त जाणवतो, असे पुष्कळ रुग्ण सांगतात. रोज पोळी खाताना आतडे सततच सुजलेले असते, त्यामुळे एखाद्या जेवणाशी त्रासाचा संबंध जोडता येत नाही. आता मात्र तो लख्ख दिसतो.

आतड्याचा हिशोब महिन्यांचा असतो. निदानानंतर अंकुर पूर्ववत होण्यास प्रौढांना अनेकदा दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. एका चुकीने ती सगळी सुधारणा पुसली जात नाही. धोका असतो तो थोड्या थोड्या पण रोजच्या ग्लुटेनचा. इटलीतील संशोधकांच्या २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांना रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिले, तेव्हा आतड्याच्या अस्तरावर परिणाम दिसून आला. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन असते, म्हणजे हे प्रमाण पोळीच्या पन्नासाव्या हिश्श्याच्या आसपास भरते. बारा वर्षे बिनगव्हाची यांचा हिंग म्हणूनच त्या दोन वड्यांपेक्षा अधिक घातक होता.

टीटीजीची घाई करू नये. एकाच वेळच्या चुकीने तो आकडा बहुधा हलत नाही, त्यामुळे आज तो चांगला आला तरी त्यावरून काही सिद्ध होणार नाही. नेमाची तपासणी ठरल्या वेळी करावी. पोटात गेलेल्या ग्लुटेनवर उतारा म्हणून विकल्या जाणाऱ्या एन्झाइमच्या गोळ्यांवर पैसे घालवू नयेत, कारण त्यांनी ही प्रतिक्रिया थांबते असे सिद्ध झालेले नाही. मात्र ताप आला, शौचावाटे रक्त गेले, पाणीही पोटात ठरेनासे झाले किंवा दोन आठवड्यांनंतरही जुलाब आणि वजनातली घट चालू राहिली, तर हे वडीचेच आहे असे समजून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. ज्यांना सीलिॲकबरोबर अंगावर खाजरे फोड येतात, त्यांचे पुरळ पोट बरे झाल्यावरही कित्येक आठवडे राहू शकते, एवढे लक्षात असू द्यावे.

ज्वारीची भाकर

सर्वांचे मनापासून आभार. आज नववा दिवस आहे. काल सकाळी उठल्यावर डोके हलके वाटले आणि संध्याकाळी जिना न थांबता चढले. चाचणी पुढे ढकलली आहे. हिंगाची डबी मात्र काल रात्रीच तपासली, तर घटकांत दुसऱ्याच क्रमांकावर गव्हाचे पीठ निघाले. म्हणजे सव्वा वर्ष मी ज्याला कडक पथ्य म्हणत होते, त्यात ही डबी रोज उघडत होती. टीटीजी तरीही मर्यादेत आला, तो बहुधा चिमूट लहान होती म्हणूनच. तांदळाच्या पिठातल्या हिंगाचे नाव कोणाला ठाऊक असल्यास कृपया कळवावे. तोवर फोडणी जिरे-लसणावर चालवते आहे.