आजोबांच्या दुनळी बंदुकीच्या दस्त्याला पोचे पडलेत, घरी काढता येतील का?

गंगापूररोडकर:
आजोबांची १२ बोअरची जुनी दुनळी आहे, बर्मिंगहॅमची, लायसन्स आता बाबांच्या नावावर. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, अक्रोडाचा. वाड्यातून फ्लॅटमध्ये सामान हलवताना लोखंडी कपाटावर आपटली आणि तीन पोचे पडले, एक तर रुपयाच्या नाण्याएवढा. ओळखीचा सुतार म्हणतो पॉलिशपेपर मारून सपाट करतो, वरून मेलामाईन पॉलिश, एकदम नवी दिसेल. पण मला नवी नकोय हो, आजोबांचा गाल टेकून टेकून जिथे लाकूड गुळगुळीत झालंय ते जाऊ द्यायचं नाहीये.

देवळालीकर:
अजिबात घासू देऊ नका! पोच्यात लाकूड गेलेलं नसतं, नुसते धागे चेपलेले असतात, ओल आणि उष्णता मिळाली की फुगून वर येतात. घासायचं म्हटलं तर आजूबाजूचं सगळं लाकूड खड्ड्याइतकं खाली न्यावं लागतं आणि मग लोखंडाच्या कडेला लाकूड खाली बसलेलं दिसतं, ते परत भरून येत नाही. आधी नख फिरवून बघा, धागे तुटून कड लागत असेल तर ती खाच, ती वाफेने भरत नाही.

बंदूक रिकामी आहे ना ते दोनदा बघा, नळ्या काढून बाजूला ठेवा. जुनं तेल-मेण टर्पेंटाईनने पुसा नाहीतर पाणी आत जातच नाही. सुती फडक्याची ओली घडी पोच्यावर ठेवायची आणि इस्त्रीचं टोक चार-पाच सेकंद, चर्र आवाज थांबायच्या आत उचलायची, कोरड्या फडक्यावर टेकवली की लाकूड जळतं. परत भिजवा, परत टेकवा, मोठ्याला सात-आठ वेळा लागेल. लोखंडाजवळ वाफ गेली तर लगेच पुसून तेल लावा, गंज धरतो.

पंचवटीकर:
बरोबर. फक्त नाशिकच्या पावसाळ्यात करू नका, लाकूड वाळतच नाही. दोन दिवस सावलीत ठेवून मग बॉइल्ड जवसाचं तेल बोटाने चोळा, अगदी पातळ हात, रोज एक. कच्चं तेल आठवडेच्या आठवडे चिकट राहतं. आणि तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा. मुठीवर पकडीसाठी कोरलेली जाळी असते, तिला तेल लावायला जुना टूथब्रश वापरा.

गंगापूररोडकर:
दोन पोचे गेले!! बोट फिरवलं तरी कळत नाही कुठे होते, बाबा तर बघतच बसले. मोठा निम्मा वर आलाय पण तिथे पांढरट डाग पडलाय, लाकूड बिघडलं का?

देवळालीकर:
नाही नाही, म्हणजे वर लाखेचं पॉलिश आहे, त्यात ओल शिरली की पांढरं पडतं. मोठा पोचा आधी पूर्ण वर येऊ द्या, वाळू द्या, मग स्पिरिटचा जेमतेम ओलसर बोळा त्यावरून भरकन फिरवा, एका जागी थांबू नका, पॉलिश विरघळतं.