मदत हवी आहे: फोटो एडिटिंगसाठी ६० हजारांच्या आत लॅपटॉप

नमस्कार मंडळी,

मी साताऱ्याचा. सप्टेंबरमध्ये कास पठारावर जाऊन फुलांचे फोटो काढतो, एरवी ओळखीतली लग्नं आणि बारशी. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, सगळं रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये. सध्याच्या लॅपटॉपची रॅम ८ जीबी आहे. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये मास्क लावला (म्हणजे फोटोचा ठरावीक भाग निवडला) की पंखा घोंघावतो आणि स्लायडर सरकवल्यावर चित्र बदलायला चार-पाच सेकंद जातात.

पण खरं दुखणं रंगांचं आहे. ‘सीतेची आसवं’ या कासच्या फुलांचा जांभळा रंग स्क्रीनवर फिका, निळसर दिसतो. म्हणून मी तो वाढवला, तर प्रिंटमध्ये फुलं अगदी भडक आली. पाकळीवरच्या पांढऱ्या ठिपक्याच्या कडासुद्धा जांभळ्या झाल्या. फार वाईट वाटलं.

१६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडी हवीच. दुकानात सगळे प्रोसेसरबद्दलच बोलतात, स्क्रीनचं विचारलं की ‘फुल एचडी आहे’ एवढंच उत्तर. या किमतीतल्या बऱ्याच मॉडेल्सवर ४५ टक्के एनटीएससी लिहिलेलं असतं, म्हणजे स्क्रीन कमी रंग दाखवते, ते मला नको. १०० टक्के एसआरजीबी (म्हणजे फोटोंसाठी नेहमी वापरला जाणारा रंगांचा पूर्ण पट्टा दाखवणाऱ्या) स्क्रीनचा एखादा लॅपटॉप तुम्ही स्वतः वापरताय का? की साधा लॅपटॉप घेऊन घरी वेगळा आयपीएस (बाजूने पाहिलं तरी रंग फारसे न बदलणारा) मॉनिटर लावू? रॅम नंतर वाढवता येते का, तेही सांगा. दिवाळीआधी घ्यायचा आहे.