शब्दचर्चा : बेसबॉलमधल्या 'ट्रेड'ला साटंलोटं म्हणावं का?

न्यूजर्सीवाला :
मंडळी, एक मदत हवीये. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी बेसबॉलवर लेख लिहिलाय, म्हणजे खेळावर नाही, तर हिवाळ्यात खेळ बंद असतो तेव्हा टीमा जी खेळाडूंची घेवाणदेवाण करतात आणि मग आमच्यासारखे रिकामटेकडे कोण शहाणा ठरला नि कोण बुडाला त्यावर वाद घालत बसतात, त्यावर. (या हिवाळी वादांना अमेरिकेत 'हॉट स्टोव्ह' म्हणतात, त्याला मी 'शेकोटी' केलंय, ते ताईंना आवडलं.) पण ट्रेड आणि साइनिंग या शब्दांभोवती संपादक ताईंनी लाल गोल काढून पाठवलेत. मी वैतागून दोन्हीकडे 'खरेदी' टाकलं आणि आता वाचताना मलाच खटकतंय.

हुआन सोटो या नावाजलेल्या खेळाडूचंच घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये सॅन डिएगोच्या टीमने त्याला न्यूयॉर्कच्या यांकीजला दिला, सोबत ट्रेंट ग्रिशम, बदल्यात पाच खेळाडू घेतले. ही ट्रेड. सोटोला कुणी विचारलं नाही. वर्षभर खेळला, ४१ होमरन मारले, टीम वर्ल्ड सिरीजपर्यंत, म्हणजे हंगामाच्या अंतिम लढतीपर्यंत गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये करार संपून मोकळा झाल्यावर त्याने मेट्स या दुसऱ्या टीमबरोबर सही केली, १५ वर्षं, ७६ कोटी ५० लाख डॉलर. हे साइनिंग. इथे सगळे मालक त्याच्या दारात उभे. एकाच माणसाच्या वर्षभरातल्या या दोन गोष्टींना एकच शब्द कसा चालेल?

चष्मेवाली :
'करारबद्ध' आणि 'अदलाबदल', झालं की. क्रिकेटच्या बातम्यांमध्ये करारबद्ध चांगला रुळलाय. फक्त अदलाबदल जपून वापरा. हार्दिक पांड्या २०२३ मध्ये गुजरातकडून मुंबईकडे आला तेव्हा सगळ्यांनी ट्रेड ट्रेड केलं, पण बदल्यात खेळाडू गेलाच नव्हता, नुसते पैसे. त्याला विक्रीच म्हणायला हवं.

न्यूजर्सीवाला :
बेब रूथचंही तेच. १९१९ च्या डिसेंबरात बॉस्टनने तो यांकीजला विकला तो रोख पैशावर, १ लाख डॉलर. आणि मग २००४ पर्यंत बॉस्टनला वर्ल्ड सिरीज जिंकता आली नाही. तिथे 'विक्री' लिहितो.

सांगलीकर :
आमच्याकडं बैलबाजारात याचे सगळे शब्द तयार हायेत की. बैलाला बैल दिला तर बदल, आणि एक बैल उजवा निघाला तर वरनं पैसे द्यायचे त्याला वर्ताळा. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, शेजारच्यालाबी कळायचा नाही. तयार बैल देऊन दोन गोऱ्हे घेतले तर लोक लगेच हसत नाहीत, दोन वर्षं थांबा म्हणतात.

न्यूजर्सीवाला :
सांगलीकर दादा, जिओ! शिकागो व्हाइट सॉक्सने तेच केलं. २०२४ मध्ये १२१ मॅच हरले, आणि डिसेंबरात हाताशी असलेला एकमेव मोठा बॉलर गॅरेट क्रोशे बॉस्टनला देऊन चार होतकरू पोरं घेतली. क्रोशेने २०२५ मध्ये २५५ बळी... नाही हो, बळी नाही, स्ट्राइकआउट काढले, तर लगेच लोक म्हणायला लागले बॉस्टनने आवळा देऊन कोहळा काढला. पण गोऱ्हे अजून वाढतायत ना.

आणि वर्ताळा तर काय बसलाय! फेब्रुवारी २०२० मध्ये याच बॉस्टनने मुकी बेट्स लॉस एंजेलिसच्या डॉजर्सना दिला, सोबत डेव्हिड प्राइस, आणि प्राइसचे ९ कोटी ६० लाख डॉलर देणं बाकी होतं त्यातले निम्मे आपणच भरले. म्हणजे बैल पण दिला आणि वर्ताळा पण! बदल्यात तिघे आले, त्यातला डाउन्स कधी जमला नाही आणि वर्डूगो पुढे यांकीजकडे गेला. बॉस्टनवाले अजून कण्हतात.

चष्मेवाली :
माणसांना बैल म्हणायचं का आता? आणि शीर्षकातलं साटंलोटं मला साफ नामंजूर. हल्ली त्याचा अर्थ टेंडरवाल्यांचं आपापसात जमणं असा झालाय. मूळ अर्थ घेतला तरी, आपली मुलगी त्यांच्या घरात, त्यांची आपल्या घरात, आणि दोघींना कुणी विचारलेलं नसायचं. असला शब्द खेळाला लावायचा?

न्यूजर्सीवाला :
ताई, तुम्ही विरोध करताय की माझी बाजू मांडताय? न विचारणं हीच तर ट्रेडची खूण आहे. कर्ट फ्लड म्हणून खेळाडू होता. १९६९ मध्ये सेंट लुईसने त्याला फिलाडेल्फियाला देऊन टाकला, त्याने जायला नकार दिला, मी काही खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही म्हणाला, सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला आणि १९७२ मध्ये हरला. १९७५ मध्ये लवादाच्या निकालाने दुसऱ्यांसाठी मोकळं होण्याचं दार उघडलं, याची कारकीर्द तोवर संपलेली. आजही साधारण सहा वर्षं सेवा झाल्याशिवाय खेळाडू मोकळा होत नाही, आणि ट्रेडला नाही म्हणायचा हक्क दहा वर्षं झालेल्यांनाच, त्यातही शेवटची पाच एकाच टीममध्ये काढलेली हवीत, नाहीतर करारात तशी अट हवी. बाकीच्यांनी फोन आला की बॅग भरायची.

चष्मेवाली :
बरं. मग साटंलोटं ठेवा, पण 'खरेदी' काढा. तो त्यापेक्षा वाईट आहे.

लातूरचा पोऱ्या :
मी मधेच बोलतो. खरेदी चूकच आहे, कारण खेळाडू विकत कुठं घेतात, त्याची वर्षं घेतात. आमच्याकडं सालगडी ठेवायचा तर पाडव्याला बोलणी व्हायची, त्याला 'साल धरणं' म्हणतात. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत. पुढच्या पाडव्याला तो दुसऱ्याकडं गेला तर कुणी म्हणत नाही की आमचा माणूस पळवला. तुमचं साइनिंग म्हणजे साल धरणं. सोटोची मेट्सनी पंधरा सालं धरली. आणि सहीच्या वेळी आगाऊ पैसे देत असतील तर ती उचल.

न्यूजर्सीवाला :
सोटोला ७ कोटी ५० लाख डॉलर असे सहीचेच होते! पण उचल नको वाटतं, ऊसतोडीतली उचल फेडावी लागते, न फिटली तर पुढच्या हंगामात पुन्हा त्याच मुकादमाकडे. ही फेडायची नसते.

पण 'साल' मला फार पटला, कारण त्याने हिशोबच बदलतो राव. मी लेखात लिहिलं होतं की यांकीज सोटोच्या सौद्यात बुडाले, पाच दिले आणि माणूस वर्षात गेला, शिवाय दिलेल्यातला मायकेल किंग सॅन डिएगोत चमकला. आता वाटतं यांकीजनी सोटो घेतलाच नव्हता, सोटोचं एक साल घेतलं होतं, आणि त्या सालात ते वर्ल्ड सिरीज खेळले. बॉस्टनने पण बेट्सचं एकच साल दिलं होतं. पुढची बारा डॉजर्सनी वेगळे ३६ कोटी ५० लाख मोजून धरली, ती ट्रेडच्या हिशोबात धरायची नाहीत. तरी बॉस्टन चुकलंच म्हणा, बारा सालं धरायची ऐपत त्यांची पण होती.

चष्मेवाली :
आणि डॉजर्सकडे गेलेल्या त्या जपानी ओतानीचं काय? ७० कोटी ७० कोटी म्हणून गाजलं.

न्यूजर्सीवाला :
उधारीचं पोतं सव्वा हात रितं! ७० कोटी डॉलर, दहा वर्षं, पण दरवर्षी हातात फक्त २० लाख. उरलेले ६८ कोटी २०३४ ते २०४३ मध्ये बिनव्याजी. म्हणून टीमचा एकूण पगार फार वाढला की लीग जो कर लावते त्याच्या हिशोबात तो वर्षाला ७ कोटी न धरता साधारण ४ कोटी ६० लाखच धरतात. आकड्याला भुलून 'महागात पडला' लिहिणाऱ्यांनी पोतं उचलून बघितलेलंच नाही.

सांगलीकर :
आणि बैलाचा, माफ करा ताई, खेळाडूचा कस कशावर धरता?

न्यूजर्सीवाला :
'वॉर' नावाचा आकडा असतो, युद्धाशी संबंध नाही. ऐनवेळी कुठूनही मिळणारा साधा खेळाडू घातला असता त्यापेक्षा याने किती मॅच जास्त जिंकून दिल्या तो. त्या साध्या खेळाडूला शब्द सुचत नाहीये. 'पर्यायी' फार सरकारी वाटतो.

चष्मेवाली :
बदली. मुंबईच्या गिरण्यांत कायम कामगार आला नाही की दारात थांबलेल्या बदलीला आत घ्यायचे. बदली म्हणजे शून्य, त्याच्या वर किती ते मोजायचं. माझे आजोबा सहा वर्षं बदलीच होते, त्यामुळे हा शब्द फुकट देत नाहीये, जपून वापरा.

न्यूजर्सीवाला :
वापरतो ताई, जपून.

शेवटचा एक अडलाय. कधीकधी ट्रेडमध्ये बदल्यात कोण देणार ते लगेच ठरत नाही, 'नाव मागाहून कळवू' असं म्हणतात. १९६२ मध्ये क्लीव्हलँडने हॅरी चिटी नावाचा कॅचर मेट्सना असाच दिला, बदल्यातला खेळाडू मागाहून. दोनेक महिन्यांनी मेट्सनी नाव कळवलं : हॅरी चिटी. स्वतःच्याच बदल्यात स्वतः परत! याला ना अदलाबदल म्हणता येत ना विक्री, ना साल धरणं.

लातूरचा पोऱ्या :
माहेरपण म्हणा की.