2200 किलोच्या गाडीला बारमाही टायर: माझ्या मते पुरतात, तुमचं मत सांगा

ओंटारियोकर (मिसिसागा, कॅनडा)

परवा फराळाला जमलो होतो. गाडीचे टायर बदलायला झालेत असं मी सहज म्हटलं, ऑल-वेदर घेणार आहे हेही सांगितलं. त्यावर एक जुना मित्र म्हणाला, "एवढ्या जड गाडीला ऑल-वेदर म्हणजे पोराबाळांच्या जिवाशी खेळ." शब्द लागले. म्हणून माझी बाजू इथे नीट मांडतो.

गाडी बीएमडब्ल्यू एक्स-5, एक्सड्राइव्ह 40आय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी ऑल-व्हील ड्राइव्ह. रिकामी असताना वजन 2200 किलोच्या आसपास. चाकं 20 इंची, चारही टायर 275/45 आर20. गाडीबरोबर आलेल्या ऑल-सीझन टायरच्या नक्षीची खोली आता 3 मिलिमीटरवर आली आहे. ते काढून ऑल-वेदर लावायचे आणि बारा महिने तेच ठेवायचे असा बेत आहे.

ऑल-सीझन आणि ऑल-वेदर यांत पुष्कळांचा घोळ होतो. ऑल-सीझनवर बहुधा नुसतं 'एम+एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि हिम) असतं. ती खूण नक्षीच्या रचनेवरून लावतात, त्यासाठी बर्फावर चाचणी द्यावी लागत नाही. ऑल-वेदरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं, आणि ते बर्फावरच्या चाचणीत पास झाल्याशिवाय मिळत नाही. पारा 7 अंशांच्या खाली गेला की साध्या ऑल-सीझनचं रबर ताठर व्हायला लागतं. ऑल-वेदरचं तिथे नरम राहतं, आणि विंटर टायरसारखं जुलैच्या उन्हात भराभर झिजतही नाही.

मी रोज क्यूईडब्ल्यू हायवेवरून ओकव्हिलला जातो. रात्रीच बर्फ हटवणारा प्लाऊ फिरून गेलेला असतो, मीठ पडलेलं असतं. हिवाळ्यातल्या बहुतेक दिवशी माझ्या चाकाखाली बर्फ नसतोच, थंडगार ओला डांबर असतो. शिवाय आम्ही कॉन्डोत राहतो, लॉकरमध्ये चार मोठी चाकं मावत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विंटर टायरवाले तरी वेळेवर टायर बदलतात का? गेल्या वर्षी पहिला बर्फ पडला त्या सकाळी आमच्या पार्किंगमधल्या कितीतरी गाड्या अजून ऑल-सीझनवरच होत्या. गॅरेजमध्ये पुढच्या आठवड्याची वेळ मिळाली होती म्हणे. अशा सकाळी माझ्या गाडीच्या पायात तरी योग्य जोडे असतील.

जॉर्जियन_बे (बॅरी)

असहमत. का ते सांगते.

माझी व्होल्वो एक्ससी90 होती ऑल-वेदरवर. चांगल्या कंपनीचे, दुसराच हिवाळा. फेब्रुवारीतली संध्याकाळ, दिवसभर वितळलेलं पाणी सूर्य मावळल्यावर पुन्हा गोठलं होतं. आमच्या गल्लीला उतार आहे, फार नाही, खाली स्टॉपची पाटी. वीसच्या वेगात ब्रेकवर पाय ठेवला. पायाखाली एबीएसची (ब्रेक मारताना चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) खडखड सुरू झाली, पेडल थरथरत होतं आणि गाडी तशीच पुढे. आवाज नाही, झटका नाही, नुसती सरकत होती. मागून मुलगा म्हणाला, "आई, थांब ना." मी स्टिअरिंग उजवीकडे वळवलं, पुढचं चाक फुटपाथच्या कडेला घासलं तेव्हा कुठे थांबलो. गाडीचं नाक पाटीच्या पुढे गेलं होतं. तेवढ्यात समोरून मिठाचा ट्रक गेला.

पुढच्याच आठवड्यात विंटर टायर लावले. त्याच उतारावर, तशाच एका संध्याकाळी, रस्ता मोकळा बघून मुद्दाम ब्रेक दाबून पाहिला. एबीएस तेव्हाही वाजलं, पण गाडी पाटीच्या बरीच अलीकडे थांबली.

तुम्ही म्हणता ती डोंगराची खूण मुळात दाबलेल्या बर्फावर टायर गाडी किती ओढतो यासाठी आहे. गोठलेल्या पाण्यावर गाडी किती अंतरात थांबते, हे त्यातून कळत नाही. आणि ऑल-व्हील ड्राइव्हवर विसंबू नका. ती गाडी पुढे न्यायला मदत करते. थांबायची वेळ आली की तुमच्या एक्स-5 ला आणि शेजाऱ्याच्या कोरोलाला ब्रेक चारच चाकांना.

चिनूक (कॅल्गरी)

ताई, तुम्ही सुखरूप आहात हे वाचून बरं वाटलं. पण एका उतारावरून सगळ्यांसाठी नियम काढू नये.

आमच्याकडे चिनूक वारा सुटला की सकाळी उणे वीस असलेला पारा दुपारी अधिक आठवर जातो. रस्ता कोरडा पडतो आणि विंटर टायरवर गाडी स्पंजावरून चालल्यासारखी वाटते. माझी रेंज रोव्हर तिसऱ्या हिवाळ्यात ऑल-वेदरवर आहे, एकदाही अडकलो नाही. वजन जास्त असलं की गाडी बर्फात दाबून बसते, पकड उलट वाढते.

नटबोल्ट (डेट्रॉइट)

वजनाचा हा मुद्दा दरवर्षी येतो, आणि अर्धाच बरोबर असतो. माझं कामच याच्याशी निगडित आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

वजन वाढलं की चाकाखालचा दाब वाढतो, घर्षणही वाढतं, हे खरं. पण थांबवायचं वस्तुमानही तेवढंच वाढलेलं असतं. कागदावर दोन्ही एकमेकांना कापतात. प्रत्यक्षात कापत नाहीत, कारण रबर आदर्श वागत नाही: टायरवरचा भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमी वाढते. म्हणजे त्याच टायरवर जड गाडी घाट्यात असते. तो घाटा भरून काढायला तिला रुंद टायर देतात, आणि रुंद टायर खोल मऊ बर्फ कापत खाली जाण्याऐवजी त्यावर तरंगायला बघतो. चिनूक, तुमची गाडी अडकली नाही हे सुटण्याबद्दल झालं. ताई थांबण्याबद्दल बोलताहेत.

आता मूळ प्रश्न. ओंटारियोकर, टायर कुठलाही घ्या, बाजूवरचा भारांक आधी वाचा. तुमच्या मापात एक्सएल, म्हणजे जास्त भार पेलणाऱ्या, टायरवर 110 असतो, म्हणजे एका टायरला 1060 किलो. त्याच मापात 106 चाही मिळतो, म्हणजे 950 किलो. स्वस्त दिसला म्हणून तो उचलू नका. पाच माणसं, डिकीभर सामान आणि वर ब्रेक मारताना पुढच्या चाकांवर येणारा भार, सगळं त्या आकड्यावर पेलायचं असतं.

हवेकडेही बघा. पारा साडेपाच-सहा अंश उतरला की साधारण 1 पीएसआय कमी होतो. सप्टेंबरात 20 अंशांना भरलेली हवा जानेवारीत उणे 15 ला सहा पीएसआयने उतरलेली असते, टायरला भोक नसतानाही. टायरची भार पेलायची ताकद हवेवर असते, म्हणून हलक्या गाडीपेक्षा जड गाडीला हे जास्त बाधतं.

मॉन्ट्रियलवासी

आमच्याकडे 1 डिसेंबर ते 15 मार्च डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेले टायर कायद्याने सक्तीचे आहेत. ऑल-वेदरवर ते चिन्ह असतं, म्हणजे कायद्याला ते चालतात. तरीही आमच्या इमारतीतले बहुतेक लोक खरे विंटर टायरच लावतात. जानेवारीत इथे एकदा राहून बघा, कारण विचारावं लागणार नाही.

इसारकाठ (म्युनिक)

जर्मनीत 'ओ बिस ओ' असं म्हणतात, ऑक्टोबर ते ईस्टर हिवाळी टायर. नुसत्या एम+एसची सवलत 30 सप्टेंबर 2024 ला संपली. आता हिवाळी रस्त्यावर डोंगर-हिमकण हवाच. माझ्या छोट्या गाडीला बारमाही टायर आहेत आणि मी समाधानी आहे, कारण ती शहराबाहेर जात नाही. ऑडी क्यू7 ला मात्र दोन संच. दर डिसेंबरात आम्ही ती घेऊन आल्प्सकडे जातो.

आणखी एक. युरोपात 2021 पासून टायरच्या लेबलावर बर्फाच्या पकडीची वेगळी खूण आली, हिमाच्या पकडीची वेगळी. भुसभुशीत हिम आणि काचेसारखा बर्फ यांचा हिशेब तिथेही एकत्र केलेला नाही.

ओंटारियोकर

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा अनुभव वाचून अंगावर काटा आला. पण बॅरी म्हणजे स्नो-बेल्ट. जॉर्जियन बेवरून वारा ओलावा घेऊन येतो आणि तुमच्यावर रितं करतो. तेवढा बर्फ मिसिसागाला पडत नाही. नटबोल्ट, भारांकाचं लक्षात ठेवलं, मी बघत होतो तो 110 चाच आहे.

जॉर्जियन_बे

बॅरी निराळं, मान्य. मग एकच प्रश्न विचारते. हिवाळ्यात गाडी क्यूईडब्ल्यूच्या उत्तरेला नेता का?

ओंटारियोकर

मुलींचे स्कीचे वर्ग आहेत, कॉलिंगवुडला. जानेवारी-फेब्रुवारीतले शनिवार. आठ.

जॉर्जियन_बे

म्हणजे एअरपोर्ट रोडने, कॅलेडनच्या पुढचे चढउतार ओलांडून, दिवस उजाडायच्या आत. आणि परतताना संध्याकाळी, वितळलेलं पाणी गोठायच्या वेळेला, मागच्या सीटवर दोन दमलेल्या मुली झोपलेल्या. टायर कुठल्या दिवसासाठी घ्यायचे? क्यूईडब्ल्यूच्या शंभर दिवसांना कुठलाही बरा टायर पुरेल. माझ्या गल्लीसारखा उतार या आठ दिवसांत आहे.

पावसाळी (व्हँकुव्हर)

मी ओंटारियोकरांच्या बाजूने. आमच्याकडे हिवाळा म्हणजे पाऊस आणि शून्याच्या आगेमागे पडणारं ओलं हिम. ऑल-वेदर जणू यासाठीच घडवलेत. व्हिसलरला जाणाऱ्या हायवे 99 वर 1 ऑक्टोबरपासून हिवाळी टायर लागतात, तिथेही अडचण नाही. दोन संचांचा पैसा, साठवणुकीचं भाडं, वर्षातून दोनदा गॅरेजच्या खेपा, हे सगळ्यांना झेपतं असं समजू नये. आणि झिजलेल्या विंटर टायरपेक्षा नवा ऑल-वेदर कधीही बरा. तीन हिवाळे वापरून गोटा झालेले विंटर टायर घालून निर्धास्त फिरणारे मी बघितलेत.

नटबोल्ट

शेवटचं वाक्य शंभर टक्के मान्य. बाकीच्याला एक उत्तर देतो. 1934 मध्ये फिनलंडच्या नोकिया गावातल्या रबर कारखान्याने जगातला पहिला हिवाळी टायर काढला. तीच परंपरा चालवणारी नोकियन टायर्स कंपनी उत्तर अमेरिकेत ऑल-वेदर विकते आणि शेजारच्या फळीवर हाक्कापेलिट्टा हा निखळ विंटर टायरही ठेवते. एकाने दोन्ही कामं भागत असती तर दुसरा कशाला बनवला असता?

पैशाचंही पूर्ण गणित मांडा. दोन संच असले की प्रत्येक संच अर्धंच वर्ष झिजतो. जास्तीचा खर्च येतो तो रिम, बदलणावळ आणि साठवणुकीचा. एक्स-5 ला 19 इंची रिम बसतात, माप 265/50 आर19. टायर स्वस्त पडतो, बाजूची भिंत उंच असते, म्हणून मार्चमधल्या खड्ड्यांत रिम वाचतो. पुष्कळ गॅरेजं उन्हाळाभर चाकं ठेवून घेतात, तुमच्या लॉकरचा प्रश्न मिटतो. ओंटारियोत 1 जानेवारी 2016 पासून विमा कंपन्यांना विंटर टायरवर सवलत देणं बंधनकारक आहे, तीही मागून घ्या.

आणि हे 21 इंची चाकंवाल्यांसाठी. तुमच्या एक्स-5 ला पुढे 275 आणि मागे 315 रुंदीचे टायर असतात, म्हणजे पुढचे मागे लावता येत नाहीत. त्यावर क्रॉसक्लायमेट 2 सारखा बाणाच्या नक्षीचा ऑल-वेदर घेतलात तर रिमवरून उतरवल्याशिवाय डावा उजवीकडेही जात नाही. अदलाबदल जवळपास संपलीच. जड गाडीचे टायर विषम झिजले की एक्सड्राइव्हच्या ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या भागावर, ताण येतो, ती दुरुस्ती टायरपेक्षा कितीतरी महाग.

कोथरूडकर (पुणे)

भावाकडे टोरांटोला येऊन-जाऊन असतो, म्हणून वाचतोय. माझ्याकडे इथे मर्सिडीज जीएलएस आहे. ऑल-वेदर मागवून पावसाळ्यात फायदा होईल का?

नटबोल्ट

नको दादा. पुण्यात 7 अंशांच्या खाली पारा कितीदा जातो? एप्रिलच्या तापलेल्या डांबरावर ते नरम रबर आणि वर अडीच टन वजन, फुकट झिजेल. पावसासाठी खोल खाचांचा, ओल्यावर चांगला थांबणारा साधा टायर घ्या आणि 3 मिलिमीटरला बदला, गोटा व्हायची वाट बघू नका.

चिनूक

मी अजूनही माझ्या मतावर आहे. दोन संच असतील तर बदलायची तारीख चुकते, आणि त्या चुकलेल्या आठवड्यांत अपघात होतात. बारमाही टायरला तारीखच नाही. यावर कुणी उत्तर दिलं नाही.

जॉर्जियन_बे

देते. तारीख चुकवू नये. मी ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात बदलते, अंगणात पानं पडत असतात तेव्हा. थोडं रबर जास्त झिजतं, झिजू दे.

ओंटारियोकर

कालपासून यावर विचार करतोय. बायकोला हा सगळा धागा वाचून दाखवला. उताराच्या गोष्टीपाशी ती म्हणाली, "पुढचं वाचू नकोस."

माझं मूळ म्हणणं मी सोडत नाही. मिसिसागा ते ओकव्हिल एवढंच जाणं असतं तर मी आजही ऑल-वेदरच घेतले असते, आणि त्यात जिवाशी खेळ आहे असं मला वाटत नाही. फक्त ते आठ शनिवार मी हिशेबात धरलेच नव्हते. 19 इंची रिमवर विंटर टायर सांगून ठेवलेत. गॅरेज चाकं ठेवून घेतं, विचारून घेतलं. एप्रिलमध्ये 20 इंचींवर काय लावायचं ते तेव्हा बघू. चिनूक, तेव्हा तुमचं ऐकायला मला आवडेल.

नटबोल्ट

बसवायच्या आधी बाजूवरचा डॉट क्रमांक स्वतः वाचा. शेवटचे चार आकडे म्हणजे टायर कधी बनला ते: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. गोदामात चार वर्षं पडून असलेला टायर नवा म्हणून घेऊ नका. आणि शंभरेक किलोमीटर चालवल्यावर चाकांचे बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

ओंटारियोकर

शनिवारी सकाळी 9 ची वेळ आहे. चारही टायरवरचे आकडे बघूनच हो म्हणेन.